चिकटपट्टीवरचं नाव

साल्मी गावात कुणाला कॅन्सर झाला, कुणाचं घर जळालं, कुणाला किडनी बसवायची झाली, की पहिला फोन डॉक्टरला जायचा आणि दुसरा आर्डिस लाहतीला. पहिल्याचा उपयोग होईलच अशी खात्री नसे. दुसऱ्याचा हमखास व्हायचा. तीन आठवड्यांत एखादा शनिवार ठरायचा, अग्निशामक दलाच्या सभागृहाची किल्ली यायची, आणि पेट्रोल पंपावर, बँकेत, मासेमारीच्या दुकानात कागद लागायचे: अमक्याच्या औषधपाण्यासाठी जेवण, दहा डॉलर, मुलांना पाच. कागदावर त्या माणसाचा हसरा फोटो. आजारी माणसाचा हसरा फोटो शोधणं हेसुद्धा आर्डिसचंच काम.

सव्वीस वर्षं तिनं ही जेवणं चालवली, आणि सव्वीस वर्षं तिच्या डाव्या हाताला मार्लिस पेर्को उभी असायची. मार्लिस कांदा चिरणार, आर्डिस खिमा परतणार. दोघी एकमेकींना टोमणे मारणार आणि बाकी बायका ते ऐकत भांडी घासणार. सभागृहाच्या स्वयंपाकघरात कपाटावर आर्डिसच्या अक्षरातली सूचना होती: 'भांड्याखाली चिकटपट्टीवर नाव लिहा. पंधरा दिवसांत ज्याचं त्याला पोचवा.' आणि भांडं रिकामं पोचवायचं नाही, हे लिहावं लागत नसे. ते तिकडेही आपल्यासारखंच, आईच्या दुधाबरोबर येतं.

या जेवणांचा आणखी एक नियम होता, तोही कुठं लिहिलेला नव्हता. स्वतःसाठी कुणी जेवण मागायचं नाही. दुसऱ्यानं सुचवायचं, आणि ज्याच्यासाठी ठेवायचं त्यानं दोनदा नको म्हणायचं. तिसऱ्यांदा गप्प बसला की होकार. हे सगळं बिनबोभाट जुळवून आणण्यात आर्डिसचा हात धरणारं कुणी नव्हतं.

नोव्हेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी लाकूडतोड्या रेइनो सारीच्या घशासाठी जेवण झालं. तीनशे माणूस जेवून गेलं. मार्लिसचं डोकं दुखत होतं म्हणून ती चारला घरी गेली. बाकीच्याही पांगल्या. आर्डिस फरशी पुसून पैशांचा पत्र्याचा डबा घेऊन बसली होती, एवढ्यात मागच्या दारानं डेल पेर्को आला. मार्लिसचा थोरला, छत्तीस वर्षांचा. खाणीत पाठ मोडली, पाठीसाठी गोळ्या दिल्या, पाठ बरी झाली आणि गोळ्या राहिल्या, असा तो. आर्डिसनं त्याला जन्मल्यापासून पाहिलं होतं. "डेल, कॉफी उरलीय, घे," ती म्हणाली.

त्यानं डबा धरला. तिनं सोडला नाही. सोडायला हवा होता हे तिला नंतर पुष्कळांनी सांगितलं, आणि सांगणाऱ्यांतल्या एकाचीही अशी वेळ आली नव्हती. तो डबा रेइनोच्या घशाचा होता, सोडणार कसा? डेलनं तिला ढकललं. तिचं डोकं भांडी घासायच्या सिंकच्या पत्र्यावर आपटलं, डावा हात अंगाखाली येऊन दोन ठिकाणी मोडला. तासाभरात डेल त्याच्या गाडीत सापडला, डबा शेजारच्या सीटवर. चाळीस डॉलर कमी होते, बाकी जसेच्या तसे. रेइनोचा घसा बरा झाला.

आर्डिसच्या डोक्यात रक्त साकळत होतं. शाळेच्या मैदानात हेलिकॉप्टर उतरलं आणि तिला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेलं. सव्वीस मिनिटांचा प्रवास. बासष्ट वर्षांच्या आयुष्यात ती एकदाच आकाशात गेली आणि तीही बेशुद्ध. त्या सव्वीस मिनिटांचे बावन्न हजार डॉलर झाले. दवाखान्याचे निराळे, डोक्याच्या डॉक्टरचे निराळे, हाताच्या डॉक्टरचे निराळे, फोटो काढणाऱ्याचे निराळे आणि काढलेला फोटो बघणाऱ्याचे त्याहून निराळे. ऑगस्टमध्ये शाळेच्या स्वयंपाकघरात तिचे तास कमी केले होते, आणि तासांबरोबर विमाही गेला होता. म्हाताऱ्यांचा सरकारी विमा मिळायला अजून तीन वर्षं होती. दुर्दैव हे नेहमी अशी फट बघूनच आत शिरतं.

दवाखान्यात एक बाई हातात कागद अडकवलेली पाटी घेऊन तिच्या खाटेपाशी आली होती. पैशांची काही अडचण आहे का, मदतीचा अर्ज आणून देऊ का, घरी कोण आहे, असं तिनं रीतसर विचारलं. आर्डिस म्हणाली, नको, आमचं जमतं.

आमचं म्हणजे कुणाचं? नवरा वेनो जाऊन सहा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. एक भाऊ ओरेगनला, तो नाताळात कार्ड पाठवी. पण त्या मुलखातली माणसं अशीच. हात मोडला तरी कसं काय विचारल्यावर 'वाईट नाही' म्हणणार, घर बुडत असलं तरी 'जमतं' म्हणणार. दुसऱ्यासाठी सव्वीस वर्षं हात पसरणाऱ्या आर्डिसला स्वतःसाठी बोट वर करता आलं नाही. त्या एका 'जमतं'नं तिचे दोन महिने खाल्ले.

घरी आल्यावर तिनं पहिल्या दिवशी काय केलं असेल, तर एका हातानं फ्रिजचे दोन कप्पे रिकामे केले. भांडी येतील म्हणून. बाळंतपण असो, मरण असो, अपघात असो, साल्मीत दारात भांडी येतातच, तिसऱ्या दिवसापर्यंत ठेवायला जागा उरत नाही. तिनं स्वतः किती घरी पोचवली होती त्याची गणती नाही.

एकही आलं नाही.

पहिले आठ दिवस तिला वाटलं, लोकांना ती घरी आली हे कळलं नसेल. मग वाटलं, प्रत्येकीला वाटलं असेल की दुसरीनं नेलं. पाद्रीबुवा येऊन गेले, एक स्तोत्र म्हणाले, एक बिस्किट खाल्लं, आणि मार्लिसच्या घरावर काय प्रसंग आलाय बघा, असं म्हणून उसासा टाकून गेले. वाणसामानाच्या दुकानात बायका मान हलवायच्या आणि घाईनं दुसऱ्या रांगेत शिरायच्या. तेव्हा तिच्या लक्षात आलं. कॅन्सरला गावात आई नसते. किडनीचा भाऊ तुमच्याबरोबर अग्निशामक दलात नसतो. डेलला आईही होती आणि दलात भाऊही. आर्डिसच्या नावानं जेवण ठेवायचं म्हणजे डेल पेर्कोनं काय केलं ते कागदावर छापून पेट्रोल पंपावर लावायचं, आणि त्याच पंपावर डेलचा काका गल्ल्यावर बसतो. गावानं तिच्याविरुद्ध काही केलं नाही. गाव नुसतं मूग गिळून बसलं. गाव करील ते राव काय करील म्हणतात, पण गावानं करायचं नाही असं ठरवलं की राव तरी कुठं शोधायचा? तिला राग आला नाही, हे खरं नाही. आला. पण एकट्या माणसाचा राग घरातल्या घरात फिरतो आणि संध्याकाळपर्यंत दमतो.

मार्लिसही आली नाही. त्याचं तर नावच नको.

बिलं यायला लागली तशी ती आर्डिसनं विजेच्या मोठ्या भांड्यात टाकली. जेवणाच्या दिवशी खिमा गरम ठेवायचं भांडं ते, ऐंशी माणसांचा खिमा मावेल एवढं. लिफाफा आला की झाकण उचलायचं, आत टाकायचा, झाकण लावायचं. हेलिकॉप्टरवाल्यांना तिनं फोन करून दरमहा पन्नास डॉलर देते म्हणून सांगितलं. फोनवरच्या मुलीनं हिशेब करून सांगितलं, मॅडम, असं फेडायला शहाऐंशी वर्षं लागतील. आर्डिस म्हणाली, माझी आजी ब्याण्णव वर्षं जगली. त्या पोरीला हसावं की रडावं कळेना. मार्चच्या एक तारखेला प्रकरण वसुलीवाल्यांकडे जाईल, असं पत्र आलं. तेही भांड्यात गेलं. वेनोनं हातानं बांधलेलं घर आणि मागची सौना, म्हणजे वाफेनं घाम काढायची लाकडी खोली, मिळून ऐंशी-पंच्याऐंशी हजारांना गेलं असतं. भांड्यातली बेरीजही साधारण तेवढीच होती. मार्चमध्ये पाटी लावून घर विकायला काढायचं, असं तिनं मनाशी धरलं होतं.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र होत होती, आणि तिच्याबद्दल ती कुणाशी बोलली नव्हती. डिसेंबरात बर्फ सुरू झाला. एका हातानं फावडं मारता येईना. पण सकाळी उठून बघावं तर दारातल्या पायऱ्या साफ, गाडीपर्यंतची वाट साफ. समोरचा ऑर्विल करत असेल म्हणून तिनं एका हातानं वेलचीचा गोड पाव भाजला आणि त्याच्याकडे नेला. ऑर्विलनं पाव घेतला, अर्धा तिथंच खाल्ला आणि मग म्हणाला, मी नाही बुवा, माझीच वाट कोण काढतं का बघतोय मी.

आणि शनिवारी आणखी एक वाट निघायची. मागच्या दारापासून सौनापर्यंत.

शनिवारी आर्डिस सौना तापवते हे कुणालाही ठाऊक असेल, सगळेच तापवतात. पण तिला मागच्या दारानं सरळ जायला आवडत नाही, बर्चच्या झाडाला वळसा घालून जाते, वेनोच्या वेळेपासून, हे ठाऊक असलेलं माणूस गावात एकच होतं. सव्वीस वर्षं शनिवारी संध्याकाळी तिच्या शेजारी त्याच फळीवर घाम गाळत बसणारं. वाट झाडाला वळसा घालून गेलेली होती. आर्डिसनं ती बघितली, पडदा ओढला आणि काही समजून घ्यायचं नाही असं ठरवलं. समजलं की काहीतरी करावं लागतं.

जानेवारीत सरकारी वकिलाच्या कार्यालयातून जॅनेल आली. गुन्ह्यात जखमी झालेल्यांना कोर्टाच्या कामात सोबत करायची, एवढं तिचं काम. तिशीची, नाकात छोटी रिंग, बुटांना बर्फ. तिनं चार वेळा फोनवर निरोप ठेवले होते आणि आर्डिसला वाटलं होतं, कोर्टाची तारीख असेल. जॅनेलनं सहज विचारलं, दवाखान्याची बिलं कुठं आहेत, बघू का? आर्डिसनं भांड्याचं झाकण उचललं. जॅनेल आत बघतच राहिली. मग कोट काढून ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली आणि दोन तास लिफाफे फोडत होती.

तिनं सांगितलं ते आर्डिसला कुणी आधी सांगितलं नव्हतं, किंवा सांगू दिलं नव्हतं. दवाखान्याला अर्ज केला तर कमाई बघून त्यांच्या बिलाचा मोठा भाग ते स्वतः माफ करतात. ती पाटीवाली बाई त्याचसाठी आली होती. आणि जे उरेल, हेलिकॉप्टरसुद्धा, त्यासाठी राज्याचा निधी आहे, गुन्ह्यात जखमी झालेल्यांचा. ती भीक नाही, जॅनेल म्हणाली, गुन्हेगारांच्या दंडातून त्यात पैसे पडतात. मार्चच्या आत अर्ज गेला की वसुलीवाल्यांना थांबवता येतं. अट एवढीच, की गुन्हा झाला हे तुम्ही पोलिसांना सांगितलं आहे त्यावर शेवटपर्यंत ठाम राहायचं. जबानी फिरवली तर निधी हात वर करतो.

आर्डिस म्हणाली, मी कशाला फिरवू? मी काय खोटं बोलले?

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी दुपारी दार वाजलं. बाहेर मार्लिस, हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काचेचं भांडं.

"अगं उघड, हात भाजतोय."

तीन महिन्यांत आलेलं पहिलं भांडं. खिमा, मशरूमचं सूप आणि वर तळलेल्या बटाट्याच्या गोळ्या, एकसारख्या ओळींत. "पट्टी लावून मांडल्यास का गं?" आर्डिसच्या तोंडून सवयीनं निघून गेलं. "तुझ्यासारखं ओतून मोकळी होत नाही मी," मार्लिस सवयीनं म्हणाली. दोघी हसल्या आणि मग दोघींना आठवलं.

त्या जेवल्या. आर्डिसनं दोनदा वाढून घेतलं, कारण भूक होती, आणि टेबलाच्या पलीकडे कुणीतरी चमचा वाजवत होतं म्हणून. रेइनोच्या घशाबद्दल बोलणं झालं, शाळेतल्या नव्या बाईला सॉस कसा करता येत नाही त्याबद्दल झालं. मार्लिस बारीक झाली होती. कॉफी ओतेपर्यंत तिनं डेलचं नाव काढलं नाही. मग कपाकडे बघत म्हणाली, "त्या दिवशी फरशी ओली होती ना? तू नुकतीच पुसली होतीस."

"ओली होती."

"म्हणजे घसरणं शक्य होतं."

"शक्य होतं. पण मी घसरले नाही, मार्लिस."

"वकील म्हणतो, तू नुसतं एवढं म्हणालीस की नक्की सांगता येत नाही, तर त्याला तुरुंगाऐवजी उपचाराला पाठवतील. त्याला आठवत नाही काही."

"मला आठवतं."

आर्डिस उठली, मोठ्या भांड्याचं झाकण उचललं आणि तिला आत बघू दिलं. मग सरळ सांगितलं. मी घसरले म्हटलं, तर गुन्हा झालाच नाही. गुन्हा झाला नाही, तर राज्य छदाम देणार नाही. मग हे घर जातं, सौनासकट.

मार्लिसनं लिफाफ्यांवरून हात फिरवला. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "अगं, मग मला फोन का नाही केलास? मी जेवण ठेवलं असतं," ती म्हणाली, आणि मध्येच थांबली.

"कागदावर काय लिहिलं असतंस?" आर्डिसनं विचारलं. टोमणा म्हणून नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मार्लिसनं कोट घातला. बटणं लावायला तिला वेळ लागला. दारात ती म्हणाली, "मी परत विचारणार नाही. भांडं राहू दे, सावकाश दे."

ती गेल्यावर आर्डिस रडली. डोकं फुटलं तेव्हा ती रडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी शनिवार. आर्डिस पाचलाच उठली आणि दिवा न लावता स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसली. रात्रभर पडलेला बर्फ गुडघ्याएवढा होता. आज वाट निघणार नाही, असं तिनं स्वतःला चार वेळा सांगितलं. का निघावी? ज्याच्यासाठी ती निघत होती ते कालच संपलं, असं म्हणायलाही हरकत नव्हती.

सहाच्या सुमाराला रस्त्यावरून एक आकृती चालत आली, खांद्यावर फावडं. गाडी लांब लावली असणार, आवाज नको म्हणून. तिनं पुढच्या पायऱ्या साफ केल्या. मग घराला वळसा घालून मागं आली आणि बर्चच्या झाडाकडे वाट काढू लागली. आर्डिसच्या वयाचीच बाई, कमरेची दुखणी तीच. अर्ध्या वाटेत ती थांबली, फावड्यावर दोन्ही हात ठेवून घराकडे बघत उभी राहिली, चांगला वेळ.

आर्डिसचा हात दिव्याच्या बटणावर होता. नुसतं दाबलं असतं तर झालं असतं. मार्लिस आत आली असती, कॉफी झाली असती. आणि आर्डिस स्वतःला ओळखून होती. मार्लिस आत आली असती तर तिनं काही न विचारताही आर्डिसनं, घसरले म्हणून, कागदावर सही दिली असती. घर देऊन टाकलं असतं, त्या एका कॉफीसाठी. तिनं हात खाली घेतला आणि मांडीखाली दाबून बसली. मार्लिसनं सौनाच्या दारापर्यंत वाट नेली, उंबऱ्यावरचा बर्फ हातमोज्याच्या हातानं झटकला आणि आली तशी गेली.

त्या संध्याकाळी आर्डिसनं सौना तापवली. एकटीच बसली. दगडांवर पाणी टाकताना ती मार्लिसच्या बाजूला थोडं कमीच टाकायची, तिला जास्त वाफ सोसत नाही म्हणून. तसंच टाकलं.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात ती कोर्टाच्या इमारतीत जॅनेलसमोर अर्ज भरायला बसली. पहिल्या पानावर गुन्हा करणाऱ्याचं नाव. आर्डिसनं ते स्वतःच्या हातानं लिहिलं, डेल पेर्को, एक अक्षर न हलता. मग बिलं, एकामागून एक, जॅनेल वाचायची आणि लिहायची. दवाखान्याची माफी मंजूर झाली होती, त्यामुळे यादी निम्म्यानं आखूड झाली होती. पाचव्या पानावर जॅनेल म्हणाली, "हे आपण विसरत होतो. हात मोडल्यापासून घरकामाला कोण आलं? स्वयंपाक, साफसफाई, बर्फ काढणं, काहीही. त्या माणसाला तासाप्रमाणे निधी पैसे देतो."

"बर्फ काढायला होती एक."

"मग सांगा ना. नाव?"

"मार्लिस पेर्को."

जॅनेलचं पेन थांबलं. तिनं पहिलं पान उलटून पाहिलं, मग आर्डिसकडे. "नातं?"

"मैत्रीण."

"आर्डिस, ही त्याची आई."

"तेही आहे."

जॅनेलनं पेन खाली ठेवलं आणि हळू आवाजात समजावून सांगितलं. हे नाव इथं आलं तर त्याचा वकील ते बघणार. मग दबाव आणला का, आपसात मिटवलं का, असे प्रश्न निघणार. अर्ज अडकेल, आणि साक्षीदाराच्या घरी जात होती म्हणून मार्लिसही अडकेल. "हे मला लिहिता येत नाही. इथं 'कोणी नाही' असं लिहिते. चालेल?"

आर्डिसनं त्या ओळीकडे बघितलं. एवढीशी ओळ, एक नाव बसेल एवढी.

"'कोणी नाही' असं लिहू नकोस," ती म्हणाली. "ते खोटं आहे आणि खाली माझी सही आहे."

"मग काय लिहू?"

"रिकामं ठेव."

जॅनेलनं ओळ रिकामी ठेवली. आर्डिसनं सही केली.

एप्रिलमध्ये डेलनं गुन्हा कबूल केला, तेव्हा आर्डिसला उभं राहून काही सांगावं लागलं नाही. साडेतीन वर्षांची शिक्षा झाली त्याला. मार्लिस कोर्टात पलीकडच्या बाकावर बसली होती आणि दोघी समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. मे महिन्यात निधीचं पत्र आलं. हेलिकॉप्टर मंजूर, हाताचा डॉक्टर मंजूर, डोक्याचा मंजूर, बुडालेला पगार मंजूर. घरकामापुढे लिहिलं होतं, मागणी नाही. घर राहिलं. आर्डिसनं पत्र दोनदा वाचलं, मोठं भांडं घासून पुसून कपाटावर चढवलं आणि आता हे कुणाला सांगावं म्हणून घरभर बघितलं.

तोवर बर्फ वितळला होता. वाट काढण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि मार्लिसला यायला निमित्तही.

मार्लिसचं काचेचं भांडं अजून आर्डिसकडेच आहे. पंधरा दिवसांत पोचवायचं, हा नियम तिनंच लिहिलेला. पंधरा आठवडे होऊन गेले. दोनदा तिनं त्यात घालून द्यायला वेलचीचा पाव भाजला, आणि दोनदा उभ्या उभ्या एकटीनंच खाऊन संपवला. भांडं परत केलं की व्यवहार पुरा होतो, मग कोणाचं कुणाकडे काही राहत नाही. ते इथं आहे तोवर ती कधीतरी मागायला येऊ शकते, किंवा ही कधीतरी द्यायला जाऊ शकते. मार्लिसनंही निरोप पाठवलेला नाही. तीही त्याच गावची, तिलाही कळत असणार.

दर शनिवारी सौना झाल्यावर आर्डिस ते भांडं, वापरलेलं नसलं तरी, धुऊन ठेवते. धुऊन धुऊन मागच्या आठवड्यात तळाची चिकटपट्टी सुटून आली. तिनं भांडं कोरडं केलं, नवी पट्टी कापून लावली आणि पेन घेऊन तिच्यावर सावकाश, नीट अक्षरात लिहिलं: मार्लिस पेर्को.